पोलीस पोहोचेपर्यंतची मिनिटे: संरक्षणाची मर्यादा, शस्त्र परवाना आणि स्वसंरक्षणाचा हक्क

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचकांनाही संदर्भ लागेल. वाशीच्या मसाला बाजारात तुमचा गाळा आहे, तुर्भ्याला लहानसे गोदाम आहे आणि राहणे कोपरखैरण्याला. गेल्या दोन महिन्यांत तुम्हाला तीन वेळा धमकीचे फोन आले. त्यांपैकी दोन वेळा पैसे मागितले गेले आणि एकदा मुलीच्या क्लासची सुटण्याची वेळ सांगून घाबरवले गेले. पोलीस ठाण्यात तुमची एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतली गेली आणि चोवीस तास माणूस देणे शक्य नाही असे सांगण्यात आले. त्यानंतर तुमच्या वाचनात आले की पोलिसांवर एखाद्या विशिष्ट माणसाचे रक्षण करण्याचे कायदेशीर बंधनच नसते, त्यामुळे ज्याने त्याने शस्त्र बाळगावे. म्हणून तुम्ही विचारता की रिव्हॉल्व्हरचा परवाना मिळेल का, तो मिळेपर्यंत गल्ल्याखाली कोयता ठेवावा का, आणि खरोखर प्रसंग आला व तुमच्या हातून कोणी दगावले तर पुढे काय होईल. मी सव्वीस वर्षे ठाण्याच्या सत्र न्यायालयात फौजदारी वकिली करते आहे. या काळात स्वसंरक्षणाचा बचाव घेतलेले आरोपीही माझे अशील होते आणि अशा प्रसंगांत मारल्या गेलेल्यांचे नातेवाईकही. तुमच्या घाबरण्यात काहीही अवाजवी नाही, हे प्रथम सांगते.

तुम्ही वाचलेले विधान खरे आहे, परंतु ते अमेरिकेतील कायद्याविषयी आहे. १९७५ साली वॉशिंग्टन शहरात एका घरात दोन इसम घुसले. वरच्या मजल्यावरील स्त्रियांनी पोलिसांना फोन केला, पोलीस आले, दार वाजवून निघून गेले, आणि पुढे त्या तीन स्त्रियांना चौदा तास ओलीस ठेवून त्यांच्यावर अत्याचार झाले. त्यांनी नुकसानभरपाईचा दावा लावला तेव्हा तेथील अपील न्यायालयाने १९८१ मध्ये असे ठरवले की पोलिसांचे कर्तव्य सर्व जनतेप्रती असते, एका विशिष्ट व्यक्तीप्रती नसते. २००५ मध्ये कोलोरॅडोतील कॅसल रॉक या गावच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने याच दिशेचा निर्णय दिला. त्या प्रकरणात नवऱ्याविरुद्ध न्यायालयाचा मनाई हुकूम हातात असलेल्या आईने रात्रभर पोलिसांना विनवले, तरी तिच्या तीन मुली वाचल्या नाहीत. हुकूम अमलात आणवून घेण्याचा घटनात्मक हक्क तिला नव्हता, असे बहुमताने ठरले. पोलीस येतील याची हमी नाही, म्हणून नागरिकाने सशस्त्र असावे, हा तेथील युक्तिवाद या निर्णयांवर उभा आहे. तेथे शस्त्र बाळगणे हा व्यक्तीचा घटनात्मक हक्क असल्याचे २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्यही केले.

आपल्याकडे या युक्तिवादाचे दोन्ही पाय वेगळ्या जमिनीवर आहेत. शस्त्र बाळगणे हा आपल्याकडे मूलभूत हक्क नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९ मध्ये एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले आहे तेदेखील ‘शांततेने व विनाशस्त्र’ जमण्याचे. दुसरीकडे, पोलिसांवर बंधनच नाही असे आपल्या कायद्यात म्हणता येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ नुसार प्रत्येक पोलीस अधिकाऱ्याने दखलपात्र गुन्हा (ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास व अटक करू शकतात) घडू नये म्हणून आपल्या कुवतीप्रमाणे प्रतिबंध केलाच पाहिजे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ६४ मध्येही हे कर्तव्य आहे. जीविताच्या हक्काच्या अनुच्छेद २१ चा आधार घेऊन संरक्षणासाठी उच्च न्यायालयात याचिका करता येते, आणि न्यायालये असे आदेश देतातही. मात्र ‘आपल्या कुवतीप्रमाणे’ हे शब्द नीट वाचा, कारण मर्यादा त्यांच्यातच लिहिलेली आहे. कर्तव्य आहे, परिणामाची हमी नाही.

ही कुवत किती, याचा साधा हिशेब करू. एका माणसाला चोवीस तास एक शिपाई द्यायचा तर तीन पाळ्यांचे तीन आणि रजा व साप्ताहिक सुटी धरून निदान चार ते पाच माणसे अडकतात. रात्रीची गस्त, नाकाबंदी, न्यायालयातील हजेरी, मोर्चे, गणपती आणि दहीहंडीचा बंदोबस्त हे सगळे ज्या मनुष्यबळातून काढायचे, त्यातूनच हीही माणसे काढावी लागतात. म्हणून ठाणे अंमलदाराने तुम्हाला जे सांगितले ते मनाला लागले असले, तरी खोटे नव्हते. शिवाय अंगरक्षक मिळाला म्हणजे धोका संपतो असेही नाही. १२ ऑक्टोबर २०२४ च्या रात्री वांद्र्यात माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्यासोबत पोलीस अंगरक्षक होता. २ फेब्रुवारी २०२४ रोजी उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनातच गोळीबार झाला. त्या खटल्याच्या गुणदोषांवर मी काही बोलणार नाही. चार भिंती पोलीस ठाण्याच्या असल्या तरी काही सेकंदांत सुरू होऊन संपणाऱ्या हिंसेपुढे कोणतीही यंत्रणा उशिरा पोहोचते, एवढ्यापुरताच तो दाखला घेते. ११२ वर तुम्ही फोन केलात तर जवळच्या बीट मार्शलना अथवा मोबाइल व्हॅनला तो प्रसंग काही क्षणांत कळतो, परंतु तेथून गाडीला तुमच्या दारापर्यंत यायला मिनिटे लागतात. ती मिनिटे तुमची आहेत, आणि कायद्याने ती तुमच्या हाती सोपवलेली आहेत. स्वसंरक्षणाच्या हक्काचा उगम तेथेच आहे.

मात्र त्या मिनिटांकडे वळण्याआधी एका गोष्टीवर थांबणे मला अत्यंत आवश्यक वाटते, कारण शस्त्राच्या विचारात लोक ती हटकून विसरतात. तुमची तक्रार चुकीच्या खान्यात नोंदली गेली आहे. नुसती धमकी ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५१ खाली येते आणि ती साधारणतः अदखलपात्र असते, म्हणूनच तुमच्या हाती एनसीचा कागद आला. परंतु तुम्हाला पैसे मागितले गेले आहेत. जिवाची अथवा गंभीर इजेची भीती घालून पैसे मागणे हा कलम ३०८ खालील खंडणीचा प्रकार आहे आणि तो दखलपात्र आहे. पैसे प्रत्यक्ष दिले गेले नसले तरी भीती घालण्याची कृतीही त्याच कलमात स्वतंत्रपणे शिक्षापात्र केलेली आहे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर प्रथम खबर अहवाल नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. तेव्हा तीनही फोनच्या तारखा, वेळा, क्रमांक, ध्वनिमुद्रण असल्यास ते, आणि ‘किती पैसे, कधीपर्यंत, नाहीतर काय’ हे शक्यतो त्याच शब्दांत लिहून लेखी फिर्याद द्या आणि पोच घ्या. तरीही गुन्हा दाखल झाला नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ च्या पोटकलम ४ प्रमाणे तीच फिर्याद टपालाने वरिष्ठांकडे, म्हणजे तुमच्या बाबतीत परिमंडळ १ च्या पोलीस उपायुक्तांकडे पाठवता येते, आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. खंडणीविरोधी पथकाकडेही प्रत द्या.

गुन्हा नोंदला गेला की फोनचे तपशील मागवता येतात, माणूस निष्पन्न होतो आणि त्याच्यावर प्रतिबंधक कारवाई अथवा सराईत असल्यास तडीपारीचा प्रस्ताव होऊ शकतो. फोनवरून खंडणी मागणारा आपण निनावी आहोत या भरवशावर असतो. तो भरवसा मोडणे हे तुमच्या मुलीचे सर्वांत मोठे संरक्षण आहे, आणि ते काम कोणतेही रिव्हॉल्व्हर करू शकत नाही. शिवाय परवान्याचा अर्ज असो, सशुल्क पोलीस बंदोबस्ताची मागणी असो किंवा न्यायालयात द्यायचा बचाव असो, या सगळ्यांचा पाया हाच कागद आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ४७ खाली अर्जदाराच्या खर्चाने अतिरिक्त पोलीस नेमता येतात. गोदामात मोठा माल येण्याच्या काही दिवसांपुरता तो मार्गही विचारात घ्यावा.

आता स्वसंरक्षणाच्या हक्काविषयी. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत तो ९६ ते १०६ या कलमांत होता आणि आशय जवळजवळ तोच राहिला आहे. स्वतःच्या व दुसऱ्याच्याही शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हा हक्क आहे. तो केव्हा सुरू होतो? इजा होण्याची वाट पाहावी लागत नाही. हल्ल्याच्या प्रयत्नातून किंवा धमकीतून धोक्याची वाजवी भीती निर्माण झाली की हक्क सुरू होतो. केव्हा संपतो? ती भीती संपली की संपतो. या दोन टोकांमधल्या काळात तुम्ही जे करता त्याला कायद्याचे कवच आहे, आणि त्याच्या एक क्षण अलीकडे अथवा पलीकडे केलेल्या कृतीला नाही. कलम ३७ मध्ये आणखी दोन अटी आहेत. सरकारी यंत्रणेची मदत घेण्याइतका वेळ हाती असेल तर हा हक्क मिळत नाही, आणि बचावासाठी जितकी आवश्यक तितकीच इजा करता येते. समोरच्याचा जीव जाईपर्यंत हा हक्क कधी ताणता येतो, हे कलम ३८ आणि ४१ मध्ये मोजून सांगितले आहे. शरीराच्या बाबतीत मृत्यूची किंवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण, ॲसिड हल्ला अशा प्रसंगी. मालमत्तेच्या बाबतीत जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी होणारी घरफोडी, राहत्या किंवा माल साठवण्याच्या इमारतीला आग लावणे, आणि ज्या चोरीत किंवा घरात घुसण्यात मृत्यू अथवा गंभीर दुखापतीची वाजवी भीती असते अशा प्रसंगी.

पुस्तकातील हे शब्द खटल्यात कसे उतरतात, ते दोन प्रकरणांवरून सांगते. तपशील ओळखू येणार नाहीत इतकेच ठेवते. कळव्यातील एका बैठ्या चाळीत पहाटे तीनच्या सुमारास कडी तोडून एक इसम आत आला. त्याच्या हातात कटावणी होती. घरमालकाने कोपऱ्यातली पहार उचलून एकदाच मारली आणि तो इसम चौथ्या दिवशी रुग्णालयात दगावला. माझा अशील अटक झाला, काही महिने आत राहिला आणि चार वर्षांनी निर्दोष सुटला. त्याला सोडवले ते माझ्या युक्तिवादापेक्षा पंचनाम्याने. तुटलेली कडी, तिच्याजवळची लाकडाची ताजी चिरफाळी, आणि उंबरठ्याच्या आत दीड हातावर पडलेले रक्त हे सगळे पंचनाम्यात नीट लिहिलेले होते. दुसऱ्या प्रकरणात प्रसंगाची सुरुवात अगदी अशीच होती. फरक एवढाच की चोर जखमी होऊन पळाला, माझ्या अशिलाने आणि त्याच्या भावाने त्याला गल्लीच्या तोंडापर्यंत गाठले आणि तेथे लोखंडी नळीने मारले. रक्त रस्त्यावर होते, घरापासून साठ पावलांवर. घरात मारलेला पहिला फटका कायदेशीर ठरला आणि रस्त्यावरचे फटके ठरले नाहीत. त्या दोघा भावांना शिक्षा झाली. ती माणसे दुष्ट नव्हती. संतापाने साठ पावले पुढे गेली होती. त्यांच्या आईला निकालाच्या दिवशी न्यायालयाच्या जिन्यात बसलेली मी पाहिली आहे, आणि म्हणूनच या मुद्द्यावर मी इतकी शब्दाशब्दावर अडून बसते.

सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांतही हीच रेषा दिसते. १९६३ च्या जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात जमिनीच्या वादात झालेल्या गोळीबाराचा प्रश्न होता. विरुद्ध बाजूचे लोक पळू लागल्यावर धोका संपला होता, त्यामुळे त्यानंतर झाडलेल्या गोळ्यांना स्वसंरक्षण म्हणता येणार नाही, असे न्यायालयाने ठरवले. २०१० च्या दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात आरोपीने वडिलांवर धारदार शस्त्राने वार झाल्यावर बंदूक चालवली होती. न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले आणि या हक्काची तत्त्वे एकत्र मांडली. त्यांत माझ्या अशिलांना धीर देणारे तत्त्व हे, की जिवावर बेतलेल्या माणसाने त्या क्षणी सोनाराच्या काट्यावर तोलून मोजके बळ वापरावे अशी अपेक्षा न्यायालय करत नाही. पळून जाण्याची सक्तीही कायदा करत नाही. हा बचाव आरोपीला निःसंशय सिद्ध करावा लागत नाही; शक्यतांच्या पारड्यात तो जड ठरला तरी पुरतो. फिर्यादी पक्षाच्याच पुराव्यातून तो निघत असेल, तर आरोपीने तो स्पष्टपणे घेतला नसला तरी न्यायालय त्याचा विचार करू शकते, हे १९६८ च्या मुन्शी राम प्रकरणापासून स्थिर आहे. आणि हक्क होता पण सद्भावनेने मर्यादा ओलांडली गेली, असे ठरले तर गुन्हा खुनाचा न राहता सदोष मनुष्यवधाचा होतो. शिक्षा त्यातही आहेच.

हे तुमच्या परिस्थितीला लावून पाहू. फोनवर धमकी आली, तर तुमच्याकडे पोलिसांकडे जायला वेळ आहे. त्या धमकीच्या बळावर, फोन करणारा म्हणून ज्याचा संशय आहे अशा माणसाला बाजारात गाठून मारण्याचा हक्क तुम्हाला नाही. मोटारसायकलवरून आलेल्या दोघांनी पामबीच रस्त्यावर तुमची पैशांची पिशवी हिसकावली आणि ते निघून गेले, तर पाठमोऱ्या माणसावर झाडलेली गोळी तुम्हाला आरोपीच्या पिंजऱ्यात नेईल, पिशवीत कितीही रक्कम असो. तेच दोघे चाकू तुमच्या गळ्याला लावून पिशवी मागत असतील, तर ती जबरी चोरी आहे, आणि जोवर तत्काळ इजेची ती भीती टिकून आहे तोवर तुमचा हक्क जीव जाईपर्यंतच्या बळापर्यंत पोहोचतो. रात्री गोदामाचे शटर वाकवून कोणी आत शिरले तर? माल ठेवण्याची जागा ही गृह-अतिक्रमणाच्या व्याख्येत येते, म्हणून रात्रीच्या घरफोडीचे कवच गोदामालाही आहे. तथापि आवश्यकतेपेक्षा अधिक इजा नको ही अट तेथेही सुटत नाही, आणि दोन पोती वेलदोड्यासाठी तुम्ही एकट्याने अंधारात आत जावे असे मला तरी वाटत नाही. बाहेरून कुलूप लावा, ११२ ला फोन करा. मालाचा विमा उतरवता येतो.

कोयत्याबद्दल माझे उत्तर ठाम ‘नको’ असे आहे. शस्त्र नियमांप्रमाणे नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे, घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली वगळता, धारदार व घातक शस्त्रांच्या वर्गात मोडतात. नारळ सोलण्याचा कोयता हे शेतीचे अवजार आहे असा बचाव घेता येतो, पण मसाल्याच्या गाळ्यात गल्ल्याखाली तो कशासाठी होता, हा प्रश्न तपास अधिकारी पहिलाच विचारेल. शिवाय नवी मुंबई व ठाणे या दोन्ही आयुक्तालयांत महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश वरचेवर निघत असतात. त्या काळात सार्वजनिक ठिकाणी शस्त्र, काठी, दगड बाळगणे हाच कलम १३५ खाली गुन्हा होतो. म्हणजे ज्या दिवशी कोयता घेऊन तुम्ही रात्री मोटारीपर्यंत चालत जाल, त्या दिवशी नाकाबंदीत सापडलात तर फिर्यादीचे आरोपी व्हाल. बिनपरवाना अग्निशस्त्राचा तर विचारही करू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा दोन वर्षांची आहे, आणि ते शस्त्र खऱ्या स्वसंरक्षणासाठी वापरले तरी बाळगण्याचा गुन्हा वेगळा उरतोच.

आता परवाना. नवी मुंबईत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे. अर्ज शस्त्र परवान्यांच्या केंद्रीय ऑनलाइन प्रणालीवर नमुना ए-१ मध्ये भरायचा असतो, त्यावर तुमच्या पोलीस ठाण्याचा चौकशी अहवाल जातो, आणि शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र लागते. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ प्रमाणे तुम्हाला ‘सबळ कारण’ दाखवावे लागते. ‘व्यापारी आहे, रोकड बाळगतो’ एवढ्यावर आयुक्तालये सहसा समाधानी होत नाहीत. खंडणीचा दाखल गुन्हा हे मात्र वजनदार कारण आहे. नकार दिल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि त्याविरुद्ध राज्य शासनाच्या गृह विभागाकडे अपील करता येते. प्रत्यक्षात या सगळ्याला महिने लागतात. म्हणून ज्या धोक्याबद्दल तुम्ही आज मला लिहिले आहे, त्या धोक्याला परवाना हे उत्तर होऊ शकत नाही.

आणि परवाना मिळाल्यावर तरी? येथे मी माझे मत स्पष्टपणे देते, ते पटलेच पाहिजे असे नाही. सॉल्ट लेक सिटीतील डेनिस ट्यूलर नावाच्या पोलीस प्रशिक्षकाने १९८३ मध्ये दाखवून दिले की चाकू घेऊन धावणारा माणूस एकवीस फुटांचे अंतर सुमारे दीड सेकंदात कापतो. प्रशिक्षित पोलिसाला कमरेचे शस्त्र काढून नेम धरायला जवळपास तेवढाच वेळ लागतो. कोपरखैरण्याच्या घरातील दिवाणखाना एकवीस फूट लांब असतो का, आणि तुमच्या गाळ्यात गिऱ्हाईक व तुमच्यात वजनकाट्याएवढे तरी अंतर असते का, ते मोजून पाहा. शस्त्र कपाटात कुलूपबंद असेल तर ते त्या दीड सेकंदात हाती येत नाही, आणि उशाखाली भरलेले असेल तर ते प्रथम मुलांच्या हाती येते. भिंतीपलीकडे शेजारी झोपलेले असतात. निरपराध माणसाला इजा होण्याची जोखीम घेण्याची मुभा कलम ४४ देते, पण ती केवळ जिवावरच्या हल्ल्यात, आणि ती जोखीम टाळून बचाव करणे शक्यच नसेल तेव्हा.

माझ्याकडे परवानाधारक शस्त्राची जी प्रकरणे आली, त्यांतील बहुतेकांत समोर दरोडेखोर नव्हता. पार्किंगच्या भांडणात ‘फक्त दाखवलेले’ पिस्तूल होते, लग्नाच्या वरातीत हवेत झाडलेली गोळी होती, आणि एका प्रकरणात वडिलांच्या कपाटातील रिव्हॉल्व्हर घेऊन परीक्षेत नापास झालेला मुलगा गच्चीवर गेला होता. त्या शेवटच्या प्रकरणात वकिलाला करण्यासारखे काहीच उरले नव्हते. घरात नैराश्य असलेली, दारू पिणारी किंवा संतापी व्यक्ती असेल, तर माझा सल्ला परवाना न मागण्याचा आहे, मग धमकी कोणतीही असो. तसे काही नसेल, खंडणीचा गुन्हा दाखल झाला असेल, आणि वर्षातून काही वेळा तरी रेंजवर जाऊन सराव करण्याची तुमची तयारी असेल, तर अर्ज जरूर करा; त्या स्थितीत मी स्वतः तुमचा अर्ज तयार करून देईन. मात्र निवडणुकीच्या काळात, तेव्हाच्या छाननी समितीने ठरवल्यास, शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. आणि परवाना तुमच्या नावाचा असतो, त्यामुळे ते शस्त्र गाळ्यावरच्या नोकराच्या, ड्रायव्हरच्या किंवा मेहुण्याच्या हाती एका रात्रीपुरतेही देता येत नाही. ८ फेब्रुवारी २०२४ रोजी दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांच्यावर झाडलेल्या गोळ्या हल्लेखोराच्या अंगरक्षकाच्या परवानाधारक पिस्तुलातील होत्या, आणि त्यानंतर त्या अंगरक्षकालाही अटक झाली.

समजा, सगळे करूनही तो प्रसंग आलाच आणि तुमच्या हातून कोणी जखमी झाले किंवा दगावले. स्वसंरक्षणाचा हक्क आहे म्हणून गुन्हा दाखल होणार नाही, अशा समजुतीत राहू नका. गुन्हा दाखल होईल, बहुधा अटकही होईल, शस्त्र मुद्देमाल म्हणून जप्त होऊन तपासणीसाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल. तुमचा हक्क न्यायाधीशांसमोर तपासला जाईल. म्हणून पहिला फोन ११२ ला, आणि त्याच फोनवर जखमीसाठी रुग्णवाहिका मागा. हल्लेखोरालाही वाचवण्याचा प्रयत्न करणारा माणूस सूडाने वागला होता असे सिद्ध करणे कठीण जाते. कोणतीही वस्तू हलवू नका, फरशी पुसू नका, हल्लेखोराचे हत्यार उचलून ‘नीट’ ठेवू नका. स्वतःच्या अंगावरील खरचटण्यासकट प्रत्येक जखम वैद्यकीय तपासणीत नोंदवून घ्या, कारण मुका मार चार दिवसांत दिसेनासा होतो. सीसीटीव्हीचे रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, ते जतन करण्याची लेखी विनंती त्याच दिवशी द्या. पोलिसांना काय घडले याचा गाभा सांगा आणि सविस्तर जबाब वकिलाशी बोलल्यावर द्या. चोराला पकडून ठेवलेच असेल, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाविलंब, फार तर सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते. बांधून ठेवून मारणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि बाजारात जमाव तो फार लवकर करतो. त्या वेळी आवरणारा माणूस तुम्ही असा.

मिरचीच्या फवाऱ्याबद्दल तुमच्या पत्नीने विचारले आहे. त्याला परवाना लागत नाही, तो पर्समध्ये ठेवायला माझी हरकत नाही, आणि क्लासवरून एकट्या येणाऱ्या मुलीजवळही असावा. परंतु तोही हक्काच्या त्याच चौकटीत वापरायचा. कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये एका मालमत्तेच्या वादातील प्रकरणात, जिवाला तत्काळ धोका नसताना फवारा वापरणाऱ्यांविरुद्धचा गुन्हा रद्द करण्यास नकार दिला आणि फवाऱ्याला घातक शस्त्रासमान मानले. मुलीला एवढेच शिकवा की फवारा मारायचा तो सुटून पळण्यासाठी, आणि पळायचे ते उजेडाकडे, माणसांच्या दिशेने.

तुमच्या बाबतीत कामांचा क्रम मी असा ठेवेन. या आठवड्यात लेखी फिर्याद आणि तिची पोच. मुलीच्या क्लासची वेळ किंवा रस्ता बदलणे आणि क्लासमध्ये कळवून ठेवणे. गाळ्यातील रोकड रोज दुपारीच बँकेत भरणे आणि संध्याकाळी रिकाम्या हाताने घरी जाणे, म्हणजे पाळत ठेवणाऱ्याला काही दिवसांत ते दिसेल. गोदामाच्या शटरला आतून आडवा दांडा आणि बाहेर प्रखर दिवा. फिर्यादीला पंधरा दिवसांत प्रतिसाद मिळाला नाही तर उपायुक्तांना पत्र, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज. परवान्याचा विचार गुन्हा दाखल झाल्यावर, घरातील सगळ्या प्रौढ माणसांशी बोलून. फिर्यादीचा मसुदा लिहिताना तिसऱ्या फोनमधील मुलीचा उल्लेख अजिबात गाळू नका. अनेक वडील संकोचाने तो गाळतात, आणि जिवाची भीती घालून खंडणी मागितली हे दाखवणारे सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच असते.